पल्याडचं पाणी

पल्याडच्या केंद्रात सकाळची पाळी साडेनऊला सुरू व्हायची. लांबलचक हॉलमध्ये बावीस खाटा, प्रत्येक खाटेशेजारी कमरेइतक्या उंचीचं एक यंत्र आणि प्रत्येक यंत्राला दोन नळ्या. एका नळीतून माणसाचं रक्त यंत्रात जायचं, दुसरीतून ते परत अंगात यायचं. मधल्या मध्ये यंत्र त्यातलं थोडंसं काही काढून ठेवायचं. दीड तासात ते तळहाताएवढ्या पिशवीत जमा होई. फिकट पिवळं, किंचित गढूळ, लिंबाच्या सरबतासारखं. कागदोपत्री त्याला 'सहनद्रव' असं नाव होतं. पल्याडची माणसं नुसतं 'पिवळं' म्हणत. "तुहं पिवळं कधी?" "माहं परवाच झालं." गिरण्या होत्या तेव्हा माणसं एकमेकांना पाळी विचारायची, तसं.

शहराचे दोन भाग होते आणि मधून नाला वाहत होता. नाल्याच्या अलीकडे उंच, बंद इमारती होत्या. तिथली हवा गाळून आत घेतलेली, पाणी तीनदा शुद्ध केलेलं, भाजी काचेच्या खोल्यांत मातीशिवाय वाढवलेली. तो भाग म्हणजे अल्याड. नाल्यापलीकडे चाळीस हजार माणसांची वस्ती होती. ते पल्याड. तीस वर्षांपूर्वी पल्याडची माणसं अल्याडला जाऊन स्वयंपाक करत, गाड्या चालवत, माल उचलत, हिशेब लिहीत. ती सगळी कामं एकेक करत यंत्रांकडे गेली. पल्याडच्या हातांना काम उरलं नाही. दहा वर्षं वस्तीनं कशी काढली ते तिथल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. मग अल्याडला कळलं की या माणसांचे हात निरुपयोगी असले तरी रक्त नाही. सन २०७१मध्ये पल्याडच्या बहुतेक घरांची चूल पिवळ्यावर पेटत होती.

यशोधरा मेश्राम त्या दिवशी सातव्या खाटेवर हात लांब करून पडली होती. वय चौपन्न. वस्तीतली अंगणवाडी होती तोवर ती तिथे सेविका होती. सगळं पल्याड तिला यशोताई म्हणायचं. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी एक दुर्मिळ समाधान होतं. आदल्याच दिवशी महापालिकेचं पत्र आलं होतं: पल्याडसाठी शुद्ध पाण्याची नळयोजना मंजूर.

अंगभर पांढरा पोशाख आणि तोंडावर पारदर्शक मुखवटा घातलेला एक माणूस तिच्या खाटेशी येऊन उभा राहिला. अल्याडची माणसं इकडे अशीच येत.

"यशोताई ना? मी डॉक्टर ईशान देशकर. या केंद्रांचं संशोधन माझ्याकडे आहे."

"बसा ना. हात मोकळा असता तं चहा पाजला असता."

तो इथला चहा पिणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तो स्टूल ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या नळयोजनेबद्दल बोलायचं होतं. इथे नको. दुपारी तुमच्या घरी आलो तर चालेल?"

यशोधराला नवल वाटलं. पाण्यासाठी गेली बावीस वर्षं ती अल्याडच्या दारांत उभी राहिली होती. पाण्यासाठी तिच्या दारात अल्याडचं कुणी आलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तिचा सिद्धांत गेला. अकरा महिन्यांचा होता, नुकता भिंत धरून उभा राहू लागला होता. रविवारी जुलाब सुरू झाले आणि मंगळवारी दुपारी संपलं. वस्तीत चारच हातपंप होते आणि त्यांना नाल्याचंच पाणी झिरपून येई. पावसाळ्यात ते चहाच्या रंगाचं व्हायचं. सिद्धांतला मूठमाती दिल्यावर आठव्या दिवशी यशोधराने पहिला अर्ज लिहिला. मग अर्जामागून अर्ज, मोर्चे, उपोषण, कोर्ट. तिच्याबरोबरचे निम्मे लोक थकले, काही मेले. ती थकली नाही. आता पाइप वस्तीच्या तोंडाशी येऊन पडले होते. राहिली होती ती फक्त वस्तीसभेची संमती. रहिवाशांना विचारल्याशिवाय कोणत्याही वस्तीत बदल करायचा नाही, असा कायदा होता. लोकांची घरं परस्पर पाडली जाऊ नयेत म्हणून कधीकाळी पल्याडसारख्याच वस्त्यांनी भांडून मिळवलेला. येत्या रविवारी सभा होती. सगळ्यांना वाटत होतं, हात वर करायचे आणि नारळ फोडायचा, एवढंच काम आहे.

दुपारी डॉक्टर आला. घरात यशोधराची मुलगी संघमित्रा होती आणि तिची चौदा महिन्यांची लेक मैत्री होती. मैत्री रांगत गेली आणि तिने डॉक्टरच्या पांढऱ्या पोशाखाचं टोक मुठीत धरलं. तो चटकन अर्धं पाऊल मागे सरला. मग ओशाळून हसला.

"तुमचं पिवळं कशासाठी लागतं, हे कुणी नीट सांगितलंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मोठ्या लोकाइच्या सांध्याचं औषध हाये म्हनते."

"सांधे, आतडी, डोळे, मज्जातंतू. अल्याडला प्रत्येक तिसऱ्या माणसाला लागतं ते." तो म्हणाला. "सोपं करून सांगतो. शरीरात एक फौज असते. रोगजंतू आले की ती लढते. पण लढायला शिकण्याइतकंच थांबायला शिकणंही महत्त्वाचं असतं. काय मारायचं आणि काय सहन करायचं, हे त्या फौजेला सांगणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. आम्ही त्यांना संयमी पेशी म्हणतो. लहानपणी मूल मातीत लोळतं, पाण्यातून, अन्नातून हजारो तऱ्हेचे जंतू पोटात जातात, तेव्हा या पेशी तयार होतात. अल्याडच्या आमच्या तीन पिढ्या गाळलेल्या हवेत वाढल्या. फौज आहे, पण शत्रू नाही आणि तिला थांब म्हणणारंही कुणी नाही."

"रिकामी फौज गावच लुटते," यशोधरा म्हणाली.

"अगदी तेच. शरीर स्वतःलाच खायला लागतं. त्याला आम्ही स्वघात म्हणतो. तुमच्या रक्तातून संयमी पेशी काढायच्या, त्यांच्यावरची परकेपणाची खूण पुसायची आणि आमच्या माणसांना द्यायच्या. पंधरा दिवस त्यांचं शरीर शांत राहतं. मग पुन्हा."

"कारखान्यात नाई बनत?"

"नाही बनत. एक जंतू, दहा जंतू देऊन पाहिलं. त्या पेशींना लागते ती जन्मापासूनची, रोजची, हजारो जंतूंची शाळा. ती शाळा प्रयोगशाळेत उभी करता येत नाही."

संघमित्रा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मंग तुमच्या लेकराइलेच घाला ना शाळेत. आना इकडं, लोळू द्या."

डॉक्टरने मैत्रीकडे पाहिलं. "तसा प्रयोग झाला होता. साठ मुलं घेतली होती. त्यातली दोन दगावली. त्यानंतर कुठलेही आईबाप तयार होईनात. प्रयोग बंद करावा लागला."

"आन् आमच्यात किती दगावते?" यशोधराने विचारलं.

तो मुखवट्याची पट्टी सारखी करू लागला.

"सांगा ना. तुमच्यापाशी आकडा असंन."

"तेवढीच," तो म्हणाला. "थोडी जास्त."

बाहेर हातपंपाचा दांडा कुरकुरत होता. कुणीतरी पाणी भरत होतं.

"तुमच्यात दोन मेले तं प्रयोग बंद झाला," यशोधरा शांतपणे म्हणाली. "आमच्यात मरते तं त्याले कोनी प्रयोगबी म्हनत नाई. बरं, आता नळाचं सांगा. त्याच्याचसाठी आले ना?"

त्याने सांगितलं. टेकाडी नावाची अशीच एक वस्ती होती, तिथेही केंद्र होतं. पाच वर्षांपूर्वी टेकाडीला शुद्ध पाणी मिळालं. संयमी पेशींची एक खोड अशी की त्यांचा धडा रोज गिरवून घ्यावा लागतो. जंतू येणं थांबलं की त्या शिकलेलं विसरतात. दीड वर्षात टेकाडीचं सहनद्रव पातळ झालं. तिसऱ्या वर्षी केंद्र बंद.

"केंद्रं चालवणाऱ्या कंपनीच्या करारात कलम एकोणीस आहे," डॉक्टर म्हणाला. "त्याला 'परिसर-स्थैर्य' म्हणतात. वस्तीचं पाणी, माती, नाला जसा आहे तसा राहील, तोवरच केंद्र राहील. कुणी वाचत नाही ते कलम. सहीच्या पानाच्या मागच्या बाजूला आहे."

"टेकाडीचे लोक कुठं गेले?"

"वस्ती उठली. कुठे गेले ते मला माहीत नाही."

"तुमी पाह्यलं नाई?"

"आमच्या नोंदी केंद्र बंद झालं की संपतात."

यशोधराने मैत्रीला उचलून मांडीवर घेतलं. "हे तुमी मले काहून सांगून राहिले? कंपनीनं पाठवलं?"

"नाही. कंपनीला माहीत नाही मी आलोय." त्याने मुखवट्यावरूनच कपाळ पुसायचा प्रयत्न केला आणि हात तसाच खाली आला. "मला एक मुलगी आहे. रेवा. नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षी तिला स्वघात सुरू झाला. गुडघे, मग मनगटं. पेन्सिल धरता येईना. तेव्हापासून तिला सहनद्रव देतोय. आता ती पोहते. पल्याडसारखी केंद्रं फार थोडी उरली आहेत, ताई. प्रत्येक वस्ती कधी ना कधी पाणी मागतेच."

"म्हंजे नळ घेऊ नका म्हनता."

"मी काहीच मागत नाही. मी फक्त तुम्हाला खरं ते सांगायला आलो."

"नाई डॉक्टर. तुमी मागूनच राहिले. फक्त तोंडानं नाई."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "कंपनी दवाखाना द्यायला तयार होईल. मी प्रस्ताव ठेवीन. चोवीस तास परिचारिका, सलाईन, ताप-जुलाबावर लक्ष. मृत्यू जवळजवळ शून्यावर आणता येतील."

"आन् औषध?"

"जंतू मारणारी औषधं नाही देता येणार. त्यांनी..."

"पिवळं पातळ होते."

"हो."

"जवळजवळ शून्य," यशोधरा म्हणाली. मैत्री तिच्या बांगडीशी खेळत होती. "माहा सिद्धांत त्या 'जवळजवळ'मधे असता बघा."

डॉक्टर गेला. जाताना त्याने हात जोडले. मुखवट्याच्या आत त्याचे डोळे ओले झाले होते, आणि यशोधराला त्याचा राग येण्याऐवजी त्या रेवाचीच दया आली. ती दया तिला पुढे बरेच दिवस छळत राहिली.

सभेला चार दिवस होते. करारातलं ते कलम पल्याडमध्ये दोघींनाच ठाऊक होतं. यशोधरा गप्प राहिली असती तर रविवारी सगळे हात वर झाले असते, सोमवारी खोदकाम सुरू झालं असतं. नळ एकदा आला की कुणी काढून नेत नाही. केंद्र गेलं असतं, पण ते तीन वर्षांनी. तोवर पाहता आलं असतं. ती रोज संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी जाऊन त्या निळ्या पाइपांच्या ढिगाशेजारी उभी राही. पाइपांच्या तोंडांना धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकची झाकणं बसवली होती. इतकी काळजी तिने पल्याडच्या कुठल्याच गोष्टीची घेतलेली पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संघमित्रा म्हणाली, "माय, सभेत सांगशीन ना?"

"सांगितलं तं नळ येनार नाई."

"माहीत हाये मले."

"सिद्धांत गेला तवा तू दोन वर्षाची होती. तुले काही आठवत नसंन."

"मले हे आठवते का तू मले घेऊन प्रत्येक मोर्चात जात होती," संघमित्रा म्हणाली. "आन् सायबाइले म्हनत होती, आमच्यापासून लपवू नका. आमी अडानी असन, पन आमच्या जिवाचं आमाले माहीत पाह्यजे. आता तूच लपवशीन?"

यशोधराने मान खाली घातली. संघमित्राचं म्हणणं खरं होतं, आणि तिला ते बोलायला पोटापाण्याच्या भीतीनेच लावलं होतं हेही खरं होतं. तिचं आणि तिचा नवरा प्रफुल याचं, दोघांचं पिवळं पहिल्या श्रेणीचं, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे मिळणारं होतं. घरावर स्लॅब त्या पिवळ्याच्या पैशातूनच पडला होता.

रविवारी दुपारी चार वाजता विहाराच्या अंगणात सभा भरली. मंडपाबाहेरही माणसं उभी होती. महापालिकेचा अधिकारी फेटा बांधून घ्यायच्या तयारीने आला होता. यशोधरा उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. संयमी पेशी, टेकाडी, कलम एकोणीस, डॉक्टरची मुलगी. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाली, "हे पिवळं आपल्या रोगातून येते. आपले लेकरं मरते त्यातून येते. मी म्हनतो नळ घ्या. केंद्र गेलं तं आपन दुसऱ्या कामासाठी लढू. पान्यासाठी लढलो तसं."

मग मंगेशकाका बोरकर काठी टेकत उठले. पहिल्या अर्जावर यशोधराच्या खालोखाल त्यांची सही होती. त्यांची बायको काविळीने गेली होती.

"यशोताई," ते म्हणाले, "तुह्यासंग मी बावीस वर्ष चाललो. कधी मागं फिरलो नाई. पन आज एक विचारतो. पान्यासाठी आपन लढलो तवा आपल्यापाशी काय होतं? त्याइले आपली गरज होती. केंद्रं बंद पाडू म्हनलं का ते घाबरत होते. म्हून कोर्टानं ऐकलं, म्हून पालिकेनं ऐकलं. पिवळं गेल्यावर आपन मोर्चा घेऊन गेलो, तं दार उघडाले येईन कोन?"

यशोधराने मंडपाबाहेर उभ्या माणसांकडे पाहिलं.

"टेकाडीच्या लोकाइले नळ भेटला," काका म्हणाले. "आता नळ हाये, लोक नाईत." आणि ते खाली बसले.

हात मोजायची गरज पडली नाही. नळाच्या बाजूने वर आलेले हात इकडे तिकडे विखुरलेले होते. बहुतेक म्हाताऱ्या बायांचे, ज्यांनी लेकरं पुरली होती. मग विरोधातले हात वर आले. अंगण भरून गेलं. तिसऱ्या रांगेत, कडेवर मैत्रीला घेऊन संघमित्रा बसली होती. तिने मोकळा हात वर केला आणि तो वर असताना आईकडेच पाहत राहिली. नजर चुकवली नाही.

अधिकारी गोंधळून गेला होता. पाणी नको म्हणणारी वस्ती त्याने पाहिली नव्हती. ठराव लिहिला गेला: 'पल्याड वस्ती महापालिकेचे आभार मानून नळयोजना नाकारत आहे.' कुणीतरी उठून सुचवलं, नाल्यातला गाळही वस्तीला विचारल्याशिवाय उपसू नये, असं त्यात घाला. तेही घातलं. वस्तीसभेची अध्यक्ष म्हणून खाली सही यशोधराची लागत होती. तिने ती केली.

आठवड्याभरात पाइप उचलून नेले. महिन्याभरात दवाखाना आला, डॉक्टर देशकरने सांगितल्याप्रमाणे. स्वच्छ, पांढरा, सहा खाटांचा. मृत्यू खरोखरच कमी झाले. त्या पावसाळ्यात वस्तीत फक्त तीन लेकरं गेली. लोक म्हणू लागले, यशोताई उगाच घाबरवत होती.

याच सुमाराला केंद्राने एक नवी गोष्ट सुरू केली. तिला 'बालनोंद' म्हणत. आतापर्यंत माणूस अठरा वर्षांचा झाला की त्याचं रक्त तपासून श्रेणी ठरायची. पण संयमी पेशींचं शिक्षण पहिल्या तीन वर्षांतच पक्कं होतं, असं संशोधनात दिसून आलं होतं. तेव्हा मूल जन्मल्यापासूनच त्याची नोंद ठेवायची. कोणतं पाणी पितं, कुठे रांगतं, पहिला ताप कधी आला, जुलाब किती वेळा, कोणत्या जंतूंचे. जितकी ओळख लवकर आणि जितकी तऱ्हेतऱ्हेची, तितकी पुढे श्रेणी वरची मिळण्याची शक्यता. नोंद सक्तीची नव्हती. पण ज्यांच्या मुलांची नोंद होती त्यांना अठराव्या वर्षी केंद्रात जागा नक्की होती आणि इतरांना नव्हती. दोन महिन्यांत पल्याडमध्ये बिननोंदीचं मूल उरलं नाही.

दिवाळीच्या आधी डॉक्टरकडून यशोधराच्या नावाने एक खोकं आलं. आत घरगुती जलशुद्धी यंत्र होतं, अल्याडच्या इमारतींत असतं तसंच, पण लहान. बरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: 'तुमच्या नातीसाठी. एका घरात असलं तर कुणाला कळणार नाही.' यशोधराने ते यंत्र मोरीच्या वरच्या भिंतीवर बसवून घेतलं. पहिला पेला स्वतः प्यायली. त्या पाण्याला कसलीच चव नव्हती, आणि तिला वाटलं, हीच ती चव, जिच्यासाठी एवढी वर्षं गेली.

संघमित्रा संध्याकाळी दवाखान्यातून मैत्रीला घेऊन आली. भिंतीकडे पाहून तिने विचारलं, "हे मैत्रीसाठी?"

"हो. कोनाले सांगू नको."

"नर्सबाईनं आज तिचं रक्त तपासलं," संघमित्रा म्हणाली. "म्हने, अठरा महिन्याची झाली, अजून एकबी मोठा संसर्ग नाई. तू उकळून पानी पाजते ना तिले, त्याच्यानं. म्हने असंच राह्यलं तं तिसरी श्रेणी. तिसरीवाल्याइले घेत नाई आता."

"नाई घेतलं तं नाई घेतलं. शिकवू तिले."

"मी बी.कॉम. झाली, माय." ती हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं. "प्रफुलनं आयटीआय केलं. काय झालं? ती अठराची होईन तवा तू नसशीन, मी थकली असन. तवा तिच्यापाशी काय राहीन, सांग. घर नाई, जमीन नाई, काम नाई. हे एक रक्त हाये. तेबी मी खराब करू?"

"खराब?" यशोधरा म्हणाली. बावीस वर्षं तिने ज्या पाण्याला स्वच्छ म्हटलं होतं, त्याने तिच्या नातीचं रक्त खराब होणार होतं, आणि हे सांगणारी मुलगी मूर्ख नव्हती, निष्ठुरही नव्हती. ती आपल्या लेकराच्या अठराव्या वर्षाची सोय करत होती. अल्याडच्या आयाही तेच करत होत्या. त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या, हवा गाळणाऱ्या खिडक्या होत्या, पल्याड होतं.

संघमित्राने पेला घेतला. हातपंपावर गेली, दोनदा दांडा मारून पहिलं पाणी जाऊ दिलं आणि मग पेला भरला. मैत्रीला मांडीवर बसवून तिने पेल्यातला एक तरंगता कण बोटाने अलगद काढून टाकला. "पी माय माही," म्हणाली. मैत्री तहानलेली होती. दोन्ही हातांनी पेला धरून गटागटा प्यायली.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला, जुलाब लागले. दवाखान्यात तिच्या इवल्याशा हाताला सलाईन लावलं. यशोधरा दोन दिवस खाटेशेजारून हलली नाही. लेकराचे ओठ सुकताना, डोळे खोल जाताना ती पाहत होती, आणि हे सगळं तिने आधी पाहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. मैत्रीने डोळे उघडले. परिचारिका तपासणीचे कागद घेऊन आली, पडद्यावर काहीतरी टिपलं आणि संघमित्राकडे पाहून हसली. "तीन तऱ्हेचे जंतू निघाले. एकदम तीन! फार छान सुरुवात आहे."

संघमित्राने दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि रडायला लागली.

संध्याकाळी मैत्रीला घरी आणलं. पल्याडमध्ये तोवर एक नवी रीत पडली होती. बारशाला, पहिल्या दाताला करतात तसं, बाळाचा पहिला ताप उतरला की शेजारच्या बाया येत आणि साखर वाटत. मंगेशकाकांची सून आली, समोरच्या बोळातल्या चौघी आल्या. कुणी लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला, कुणी 'पहिल्या श्रेणीची होईन बघा' म्हणालं. घरात खूप दिवसांनी हसणं होतं. संघमित्राने साखरेची वाटी आईपुढे धरली.

"माय, तोंड गोड कर."

यशोधराने मुलीकडे पाहिलं. संघमित्राचे डोळे जागरणाने सुजलेले होते आणि त्यांत एक विनवणी होती. यशोधराने चिमूटभर साखर घेतली आणि तोंडात टाकली.

बाया गेल्या. खाटेवर मैत्री चुळबुळली, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि 'मम् मम्' म्हणाली. पाण्याला ती मम् म्हणायची. यशोधरा उठली. मोरीपाशी गेली, फळीवरचा लहान पेला उचलला. समोर भिंतीवर डॉक्टरचं यंत्र होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. डाव्या हाताला उघडं दार होतं आणि दाराबाहेर पंप.

ती पेला धरून तशीच उभी राहिली. आतून नात पुन्हा म्हणाली, "मम्."

यशोधराने मागे वळून मुलीला विचारलं, "कोनतं देऊ?"